धबधब्यासमोरची सहा बाकं

‘कागदावर काय आहे तेवढं वाचा, भाऊसाहेब.’

हे म्हणताना ते चष्मा कपाळावर चढवत आणि डोळे मिटून घेत. वाचायचं मी, ऐकायचं त्यांनी. डहाणूच्या कचेरीत मी कारकून होतो आणि ते बांधकामाचे ओव्हरसियर. ओव्हरसियरला सगळे रावसाहेब म्हणत, मीही म्हणे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि दुसऱ्यालाही टाकू द्यायचं नाही.

एकदा वाणगावकडच्या एका शाळेच्या मंजुरीत ‘खिडक्या दोन’ एवढंच लिहिलेलं होतं. कोणत्या भिंतीला, ते लिहायचं राहून गेलं होतं. रावसाहेबांनी दोन्ही खिडक्या पश्चिमेला बसवल्या. एक पुढे आणि एक मागे असायला हवी होती, अशी हेडमास्तरांची तक्रार आली. रावसाहेब म्हणाले, वारा समुद्राकडून येतो, ते सांगायला कागद लागत नाही. कचेरीत आम्ही या गोष्टीवर पुष्कळ दिवस हसलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं की कागद जिथे गप्प बसतो, तिथे हा माणूस स्वतःच्या डोक्याने चालतो.

एका श्रावणात ते सायवनच्या पुढे रस्त्याची मापं घ्यायला गेले होते. तिथे एक ओढा आहे आणि पलीकडे तीसेक घरांचा पाडा. भात आणि नागली पिकवून राहणारी माणसं. त्या दिवशी ओढ्याला पूर होता. पलीकडच्या काठावर चार जण बांबूच्या झोळीत एका बाईला घेऊन उभे होते. बाई अडलेली होती, तिला दवाखान्यात न्यायचं होतं. अलीकडे रावसाहेब हातात टेप धरून उभे. दुपारपर्यंत पाणी उतरलं नाही. बाई झोळीतच गेली आणि माणसं झोळी घेऊन पाड्याकडे परतली. हे मला तिथल्या पोलीस पाटलाने सांगितलं. रावसाहेबांनी फिरतीच्या डायरीत एकच ओळ लिहिली होती : ओढ्यास पाणी असल्याने मापे घेता आली नाहीत.

त्यानंतर त्यांनी त्या ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल, बांधण्याचा प्रस्ताव तीनदा पाठवला. तिन्ही वेळा मीच टंकलेखन केलं आणि तिन्ही वेळा तो परत आला. तीस घरांसाठी साकव नियमात बसत नव्हता.

मग महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांनी ठाण्याहून एक परिपत्रक आलं. प्रेक्षणीय स्थळांच्या सुधारणेसाठी सरकार अनुदान देणार होतं. रावसाहेबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एक धबधबा होता. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि जरा संकोचून त्यांनी विचारलं, धबधब्याला सरकारी भाषेत काय म्हणतात? मी म्हटलं, ‘नयनमनोहर’. त्यांनी ते लिहून घेतलं आणि एका पानात पाच वेळा वापरलं. मागण्या तीनच होत्या : एक फलक, सहा दगडी बाकं आणि प्रवाशांच्या सोयीसाठी एक साकव.

मंजुरी आली. साकवावर लाल रेघ होती आणि शेजारी शेरा, ‘प्रेक्षणीयतेशी संबंध नाही’. मी वाचायचं थांबलो.

‘पुढे वाचा.’

‘बाकं सहा. धबधबा उत्तम दिसेल अशा ठिकाणी.’

‘पायांची उंची?’

‘लिहिलेली नाही, रावसाहेब.’

‘पुन्हा बघा.’

मी पुन्हा पाहिलं. खरंच नव्हती. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मार्चअखेर काम पुरं झालं. ठाण्याचे साहेब तपासणीला आले, मी फाइल घेऊन बरोबर होतो. मार्चमध्ये धबधबा कसला? नुसता काळा कडा होता आणि त्यावर एक शेळी. ओढा कोरडा. त्या कोरड्या पात्रात, या काठापासून त्या काठापर्यंत, एकाला एक लागून सहा बाकं उभी होती. प्रत्येकाचे पाय पुरुषभर उंच, वर जाड दगडी लादी.

साहेबांनी विचारलं, यांच्यावर बसायचं कुणी?

‘येणाऱ्यांनी, साहेब. आधी येता तर आलं पाहिजे,’ रावसाहेब म्हणाले.

चौकशी लागली. मला साक्षीला बोलावलं. या बाकांवर प्रवासी बसू शकतात काय, असा प्रश्न होता. समोर रावसाहेब बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे मिटले, मी काही वाचून दाखवणार असल्यासारखे. त्या श्रावणातली हकीकत मला ठाऊक होती. ती सांगता आली असती. पण माझी बढती त्याच महिन्यात व्हायची होती. मी ‘नाही’ म्हणालो. तेवढंच कागदावर गेलं. मला काही वाटलं नाही. घरी जाऊन जेवलो आणि झोपही लागली.

त्यांना खालच्या पगारावर उतरवून पार चांद्याकडे पाठवलं. मी डहाणूच्या स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी आली. मग त्यांनी विचारलं, बाकं पाडायचा हुकूम निघालाय का? मी सांगितलं, नाही, पाडण्यासाठी तरतूद नाही. ‘मग बरं,’ ते म्हणाले आणि डब्यात चढले.

चार वर्षांनी ते तिकडेच वारल्याचं कळलं. शोकसभा झाली नाही. बदलून गेलेल्यांची आमच्याकडे करत नसत.

त्याच वर्षी भर पावसात मी काही कामाने त्या पाड्याकडे गेलो. ओढा दोन्ही काठ धरून चालला होता. पाणी लाद्यांच्या हातभर खालून जात होतं. लाद्या पायांनी गुळगुळीत झाल्या होत्या. मी जपून चालत चौथ्या बाकापर्यंत गेलो आणि कोण जाणे का, खाली बसलो. मान वर केली. समोर अख्खा धबधबा होता, कड्यापासून डोहापर्यंत. काठावरून झाडांमुळे तो अर्धाही दिसत नव्हता.

बसता येत होतं. चांगलं बसता येत होतं. मला लाज वाटली, आणि मग तीही वाटेनाशी झाली. मी तसाच बसून राहिलो.

पलीकडून पोलीस पाटलाने हाक मारली.

‘भाऊसाहेब, उठा तिथून. वाट आहे ती. माणसं खोळंबलीत.’

बायका डोक्यावर भारे घेऊन काठाशी थांबल्या होत्या. मी उठलो आणि मागे सरत सरत त्यांना वाट करून दिली.