सरांच्या आईचा आवाज आणि माझी जुनी केबल

पिंपळगाव राजात माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. व्हिडिओ साठत गेले, तेव्हा कॉम्प्युटरमध्ये आणखी हार्डडिस्क बसवायचं ठरवलं आणि त्यांना वीज पुरवायला नवा एसएमपीएस आणला. त्याच्या केबली सुट्या निघतात, पण सोबत आलेल्या कमी पडल्या. जळालेल्या जुन्या एसएमपीएसची एक केबल मी जपून ठेवली होती. आमच्या घरात पायजम्याची तुटकी नाडी फेकत नाहीत, ही तर केबल. लावून पाहिली, टच्चकन बसली. बसली म्हणजे जमली, हा माझा सिद्धांत. त्यापायी आजवर दोन मिक्सर गेलेत.

दुर्दैवानं त्या केबलीवर पहिली डिस्क लावली ती माझी नव्हती. शेजारच्या निवृत्त सरांची होती. आई वारल्यावर त्यांनी ती कॉपी करायला दिली होती. आईनं चौदा एप्रिलच्या जयंतीला म्हटलेली गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळं त्या एकाच डिस्कवर.

बटण दाबलं. पंखा एकदा हलला आणि थांबला. मग वास आला.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे डिस्क आणि जुनी-नवी अशा दोन केबली घेऊन पळालो. त्यांनी मीटर लावून पाहिलं.

"तोंड सारखं हाय, आतून तारा उलट्या. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले. तोंडावळा जुळला म्हून शेजाऱ्याची म्हैस आपल्या गोठ्यात बांधतं काय बे?"

मग भिंगाखाली त्यांनी तांदळाच्या कणीएवढा एक जळका तुकडा उचकटून काढला. "हा राखनदार होता, डिस्क वाचवता वाचवता मेला. आता चालली तं चालन. पन पुन्हा चुकला तं संपलं."

चाचांचं मीटर मागून घेऊन माझ्या दुकानात आलो. सरांना न सांगताच लावून पाहावी, चालली तर बोलायचंच नाही, असं मनात आलं. हातही पुढे गेला होता. मग फोन करून त्यांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. एरवी माझ्या फजितीवर मीच आधी हसतो. त्या दिवशी जमलं नाही.

"तवाच काऊन नाही सांगतलं?"

"भेव वाटलं, सर."

"आन् आता?"

"आता जास्त वाटून राह्यलं."

सरांनी डिस्क उचलून माझ्या हातात दिली. "लावा," म्हणाले.

बाकीच्या डिस्क काढल्या. नव्या एसएमपीएसचीच केबल घेतली आणि डिस्क जोडण्याआधी चाचांच्या मीटरनं मोजलं. पाचाच्या जागी पाच, बाराच्या जागी बारा. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा सरांनी माझ्या हातातून मीटर काढून घेतलं.

डिस्क फिरली. जयंतीची गाणी कॉपी होऊन आली. ओव्या अर्ध्या आल्या आणि डिस्क टकटक करत थांबली, ती कायमचीच. मी मान खाली घातली.

"आलेली एखादी लावा," सर म्हणाले.

ओवीच्या आधी आईचा आवाज आला, "ते बंद कर आधी. मले लाज वाटते."

लग्नाच्या व्हिडिओतून असलं बोलणं मी कापून टाकतो. सरांना ते माहीत होतं.

"हे कापू नका, भाऊ," ते म्हणाले.