धोट्याला तोंड लावणारे

दिनेशला एचआयव्ही असल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं, त्याच दिवशी घरी येऊन मी त्याची खाट ओढत खिडकीशी नेली.

कारण काही वर्षांपूर्वी दिनेशची तपासणी निगेटिव्ह आली होती, आणि बाई म्हणाल्या होत्या, "ती विंडो पीरियडमध्ये झाली असेल." आपल्याला इंग्रजी येतं, हा माझा जुना गैरसमज. विंडो म्हणजे खिडकी. पोराला हवा पाहिजे! पुढच्या खेपेला मी बाईंना हे कौतुकाने सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. विंडो पीरियड म्हणजे लागण झाल्यानंतरचा सुरुवातीचा काळ. विषाणू अंगात असतो, पण तपासणीत सापडत नाही. तुमच्यापैकी कोणी एकदाच 'निगेटिव्ह' ऐकून निर्धास्त झालं असेल, तर पुन्हा विचारा.

दिनेश माझ्या बहिणीचा मुलगा. धुळ्याकडून आला, लिंबायतला, कापड कारखान्यांच्या वस्तीत, आमच्याकडे राहिला, आणि मी होतो त्याच कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवू लागला. ताप आणि खोकला जाईना, पँट कमरेवर राहीना. आधी टीबी निघाला, मग रक्त तपासलं. इस्पितळाच्या बाकावर मी शेजारच्या माणसाला "पोराला निमोनिया आहे" असं सांगायचो. तोही त्याच्या भावाबद्दल तेच सांगायचा. आम्ही दोघं निमोनियावर बरंच बोललो.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाई म्हणाल्या, "हा आजार मुळापासून जात नाही. नवी औषधं आहेत, ती अजून तुमच्या-माझ्या आवाक्यात नाहीत. पण टीबी बरा होतो. गोळ्या मध्येच सोडू नका. बरं वाटलं की त्याला काम करू द्या."

टीबी बरा झाला. काम मात्र मिळेना.

अडलं ते धोट्यापाशी. लूमवर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा असतो. त्यातली धाग्याची बॉबिन बदलली की धागा बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. आम्ही भोकाला ओठ लावून श्वास ओढतो, धागा तोंडात येतो. दिवसपाळीवाला लावतो, त्याच धोट्याला रातपाळीवालाही लावतो. दिनेशच्या आजाराची कुजबुज कारखान्यात पोचली होती, त्याच्या जोडीला यायला कोणी तयार होईना. शेठ गुजरातीत म्हणाले, "कारीगरने वांधो नहीं, तो मने बी नहीं." कारीगरांची हरकत नसेल, तर त्यांचीही नव्हती.

मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येते. पण नुसतं माझं ऐकून पोरं उठून जातील. दिनेश, तू बोलशील?"

सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या मंडळाच्या खोलीत तरुण कारीगर जमले. ओळख करून द्यायला मी उभा राहिलो आणि खानदेशाच्या इतिहासापासून सुरुवात केली. मागून आवाज आला, "काका, बसा की!" बसलो.

दिनेश उभा राहिला. "मित्रांबरोबर गेलो होतो. निरोध खिशात होता. हसतील म्हणून काढला नाही." कोणी हसलं नाही. मग म्हणाला, "आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगतोय."

बाकीचं बाईंनी सांगितलं : असुरक्षित संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि आईकडून बाळाला. या वाटांनी लागण होते. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही.

शेवटच्या रांगेतला प्रकाश, दिनेशच्याच लूमवरचा रातपाळीवाला, उठला. "बाई, आणि धोट्याने?"

"थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही. पण तो धोटा किती जणांच्या तोंडात जातो?"

"बदलीवाले धरून चार-पाच तरी."

"मग तुम्हाला दिनेशची कसली भीती? बाकीच्यांचा खोकला घेताच की! तोंडाने ओढणंच सोडा. धागा काढायला तारेचा आकडा का करत नाही?"

"आकड्याने वेळ लागतो, बाई."

"टीबीला त्याहून जास्त लागतो," दिनेश म्हणाला. आता मात्र पोरं हसली. प्रकाशही हसला. जाताना दिनेशच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आकडे मी वळून आणतो. तू पाळी चुकवू नको, नाहीतर मलाच डबल करावी लागेल."

घरी येऊन मी सगळं रंगवून सांगू लागलो. माझं भाषण कसं अर्धवट राहिलं, तेही. बायको तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"ते ऱ्हाऊ द्या. उद्यापासून दोन डबा भरना पडतीन."