गाडीतली दुसरी सीट

भाऊ दातांच्या कवळ्या बनवायचे. दवाखान्याच्या मागे, एरवी माणूस झाडू आणि बादल्या ठेवेल अशा खोलीत त्यांचं टेबल होतं. टेबलावर मेण, प्लॅस्टर, बारीक कानशी आणि ओळीनं मांडलेले कुणाकुणाचे जबडे. नवखा माणूस दारातच दचकायचा. भाऊ मात्र त्या जबड्यांच्या संगतीत खुशाल डबा खायचे.

कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कवळी बसवायच्या वेळी डॉक्टर त्यांना मुद्दाम आत बोलावून घेत. भाऊ पेशंटपुढे वाकून विचारायचे, "कुठं टोचतंय?" पेशंट म्हणायचा, "कुठंच नाही." भाऊंचा त्यावर काडीचा विश्वास बसायचा नाही. "अहो, संकोच कसला करता? टोचतंच. कुठं ते तेवढं सांगा." मग आत जाऊन केसभर घासून आणायचे, पुन्हा बसवायचे, पुन्हा विचारायचे. पेशंट कंटाळायचा, पण भाऊ काही कंटाळायचे नाहीत.

घरी ताई होत्या. भाऊंची थोरली बहीण. आई लवकर गेली आणि भाऊंना ताईंनीच वाढवलं. टेलिफोन ऑफिसातली नोकरी सांभाळून घर चालवलं, भाऊंना शिकवलं, आजारपणं काढली. लग्न दोघांचंही राहून गेलं. एकमेकांसाठी राहिले म्हणून लोक हळहळायचे, तर ताई त्यांना उडवून लावायच्या. "कसलं एकमेकांसाठी! आम्हाला कोणी विचारलंच नाही." सगळी इमारत त्यांना ताई आणि भाऊच म्हणायची. आणि ताईंचं प्रेम म्हणजे काय ते सगळ्या इमारतीला ऐकू यायचं. "गाढवा, ओला टॉवेल पुन्हा गादीवर टाकलास?" इथून सकाळ सुरू व्हायची. भाऊंचे केस पांढरे झाले तरी गाढवपण काही सुटलं नव्हतं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी कधीकाळी हौसेनं एक दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली होती. हौस फिटली आणि गाडी दवाखान्यामागे धूळ खात पडली. भाऊ डबा खाताना खिडकीतून तिच्याकडे बघत राहायचे. डॉक्टरांनी ती विकायला काढली तेव्हा भाऊंनी घरी विषय काढला, तोही असा आडून आडून, की ताईंना आधी वाटलं हा आजारी आहे. सगळं समजल्यावर म्हणाल्या, "घे. जन्मभर शहाण्यासारखा वागलास. एखादा मूर्खपणा हौसेनं कर."

अशी ती निळी गाडी इमारतीखाली आली. दर रविवारी सकाळी दोघं निघायची. गावाबाहेर तळ्याकडे जाणारा वळणावळणाचा रस्ता होता, तिथपर्यंत जायचं, काठावर थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत. ताई डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसायच्या आणि दारावरची मूठ घट्ट धरून सूचना देत राहायच्या. "हळू! अरे, तो सायकलवाला माणूस आहे, खांब नाही!" खाली उतरल्या की मात्र गाल लाल झालेले असायचे आणि आठवडाभर शेजारणींना त्याच फेरीचं वर्णन ऐकावं लागायचं.

गाडी जुनी होती, त्यामुळे भाऊंच्या हाताला काम मिळालं. तेल आणि फिल्टर बदलणं, प्लग साफ करणं, ब्रेकचे पॅड घालणं, सगळं ते घरच्या घरी शिकले. दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. कवळीला झिलई द्यायची पूड आणि बोळा वापरून भाऊंनी त्या अशा लख्ख केल्या की गल्लीतला गॅरेजवाला येऊन बोट फिरवून गेला. गिअरच्या दांड्याची मूठ फुटली होती, तर तीही त्यांनी कवळीच्याच मसाल्यातून ओतली. रंग अर्थातच हिरड्यांचा, गुलाबी. ताई हसून हसून बेजार झाल्या. "गिअर टाकताना बोटं सांभाळ हो, चावेल!"

इथवर सगळं छान होतं. इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण भाऊंना गाडीवाल्यांच्या गप्पांची चटक लागली. कोणी सांगितलं, मूळच्या स्प्रिंगा म्हणजे पाळणा, आखूड आणि कडक घाला. भाऊंनी गॅरेजवाल्याकडून स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा आणला आणि सुट्टी घालवून त्या बसवल्या. गाडी बोटभर खाली आली. मग सांध्यांमधले मऊ रबर काढून कडक घातले. मग वजनाचा ध्यास लागला. पायातले गालिचे गेले. मागचा पत्रा गेला. दारावरची मूठसुद्धा काढली. "मूठ का काढलीस रे?" ताईंनी विचारलं. "तेवढंच वजन कमी," भाऊ म्हणाले. ताईंनी सीटची कड धरायला सुरुवात केली.

शेवटी सीटही गेली. दोन्ही बाजूंनी उंच कडा असलेली, पातळ गादीची शर्यतीची सीट आली, दोन्हीकडे एकसारखी. आता आत शिरायचं म्हणजे आधी वाकायचं, मग कडेवरून पाय टाकायचा, मग अंग खाली सोडून द्यायचं. भाऊंना ते जमत होतं. ताई दाराशी थोडा वेळ उभ्या राहायच्या, टपावर हात ठेवायच्या आणि मग बसायच्या. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आता मणक्यात कळायचा. पण ताईंनी सूचना देणं हळूहळू कमी केलं होतं आणि भाऊ समजले, ताईंना आता आपल्या हातावर भरवसा आला.

त्यात एका रविवारी ताईंना सर्दी झाली आणि भाऊ पहिल्यांदाच एकटे गेले. परत आले ते पोरासारखे उड्या मारतच. जेवताना म्हणाले, "ताई, खरं सांगू? तू नसलीस ना, की गाडी वळणावर काय मस्त बसते! जराही ओढत नाही."

ताईंचा हात क्षणभर पातेल्यावर थांबला. "असं?" म्हणाल्या. "मग बरंच झालं की." आणि त्यांनी भाऊंना वाढलं.

भाऊंच्या मनात पाप नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते वजनाबद्दल बोलत होते, गाडीच्या वजनाबद्दल, आणि बोलले ते विसरूनही गेले. पुढच्या रविवारी ताई म्हणाल्या, "तूच जाऊन ये, मला पेपर वाचायचाय." त्याच्या पुढच्या रविवारी कपडे धुवायचे होते. नंतर कारण सांगायचंही बंद झालं आणि भाऊंनी विचारायचंही. वय झालं, आवड संपली असेल, एवढाच विचार त्यांनी केला. त्यांना तो सोयीचाही होता.

खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या. ताई रविवारी त्यांच्याबरोबर बसनं बागेत जाऊ लागल्या. तिथे बायकांचा पत्त्यांचा अड्डा जमायचा. घरात रविवारी दोन किल्ल्या निघू लागल्या, एक गाडीची आणि एक दाराची. असे किती रविवार गेले, त्याचा हिशेब भाऊंनी ठेवला नाही.

मग एका सकाळी नर्सबाईंची हॉस्पिटलची बस चुकली. भाऊ गाडी पुसत होते, म्हणाले, "चला, सोडतो." नर्सबाई कशाबशा आत शिरल्या. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा आला आणि त्या ओरडल्याच.

"अगंबाई! अहो भाऊ, ही गाडी आहे का शिक्षा? तरीच ताई पाठ शेकत बसायच्या सोमवारी!"

"पाठ?" भाऊ म्हणाले. "ताईची पाठ दुखत होती?"

"म्हणजे तुम्हाला सांगितलंच नाही? मीच मलम आणून दिलं होतं. मी म्हटलं, जाऊ नका. तर म्हणायच्या, त्याला सोबत लागते गं, एकटा कंटाळेल." नर्सबाईंनी धरायला काही सापडतंय का म्हणून दारावर हात फिरवला आणि पुढे बोलल्या. त्यांना वाटलं, बहीणभावात हे कधीच बोलून झालं असणार. "मग त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, तू नसलीस की गाडी चांगली चालते, तेव्हा थांबल्या. माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, मी उगीच त्याच्या गळ्यात पडत होते."

भाऊंनी नर्सबाईंना हॉस्पिटलपाशी उतरवलं आणि तिथेच फाटकाशी गाडी बंद करून बसून राहिले. मागचा रिक्षावाला शिव्या घालत होता. कवळी घालणाऱ्या परक्या माणसाच्या तोंडात कुठं टोचतंय हे ते दहादा विचारायचे आणि आपल्या शेजारी बसलेल्या बहिणीला त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. इतकी, की त्या दिवशी कामाला गेल्यावर कवळी बसवायला आत जाववेना, डॉक्टरांना म्हणाले, "आज तुम्हीच बघा."

त्यानंतर भाऊंनी गाडी पुन्हा पहिल्यासारखी करायला घेतली. मूळच्या स्प्रिंगा पोटमाळ्यावर होत्या, त्या घासून पुसून चढवल्या. कडक रबर काढून मऊ घातले. जुनी सीट मात्र भंगारात गेली होती. भाऊ दर सुट्टीला जुन्या गाड्यांच्या बाजारात हिंडले, तशी सीट मिळवली, तिचा स्पंज बदलला, पाठीला आधाराची वळी शिवून घेतली. दारावरची मूठ नवी आणून बसवली आणि तिला लोंबकळून बघितलं. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, सगळी मजा घालवलीत की गाडीची." भाऊंनी मूठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

ताई वरून गॅलरीतून बघायच्या. काय चाललंय, हे विचारायच्या नाहीत. पूर्वी त्यांनी विचारलं असतं. तेलाचे हात भिंतीला लावले म्हणून आरडाओरडा केला असता. आता भिंतीवर डाग दिसला की त्या स्वतःच फडकं घेऊन पुसत.

गाडी तयार झाल्यावर भाऊ म्हणाले, "ताई, या रविवारी तळ्यावर जाऊ या?"

"या रविवारी नाही रे जमायचं, बागेत सगळ्या वाट बघतील." ताईंनी थोडा विचार केला. "शनिवारी चालेल तुला?"

शनिवार तर शनिवार. ताई अलगद बसल्या. मूठ होती, पण त्यांनी हात मांडीवर ठेवले. भाऊंनी गाडी अशी चालवली की डब्यातलं पाणी हिंदकळलं नसतं. एक मोटारसायकलवाला अंगावर आला तरी ताई गप्पच. दर वळणानंतर भाऊ विचारत होते, "पाठीला त्रास नाही ना? कुठं टोचत नाही ना?" आणि ताई दर वेळी म्हणत होत्या, "नाही नाही, छान आहे." भाऊंना हे उत्तर चांगलं ठाऊक होतं. पेशंट द्यायचे ते हेच.

तळ्याच्या काठी चहा ओतताना भाऊंनी धीर केला. "ताई, मी तेव्हा वळणाचं जे बोललो ना..."

"अरे, त्यात काय! गाडीचं बोलत होतास तू." ताई हसल्या. हसणं खरं होतं, त्यात राग नव्हता. भाऊंनी शोधला, पण कुठेच नव्हता. "मलाही बरंच झालं. पत्त्यांचा ग्रुप मिळाला."

मग दोघांनी पाण्याकडे बघत चहा संपवला. बोलायला फारसं नव्हतं. पूर्वी एवढ्या वेळात त्यांची दोन भांडणं होऊन मिटायची.

परत आल्यावर भाऊ दार उघडायला पलीकडे धावले, पण ताई आपल्या आपणच उतरल्या होत्या. त्यांनी रुमाल सोडून त्याची नीट घडी केली आणि भाऊंच्या हातावर हात ठेवला.

"फार छान झालं फिरणं. माझ्यासाठी एवढी तसदी घेतलीस, आभारी आहे हं."

आणि त्या जिना चढून गेल्या.

भाऊ गाडीपाशी उभे राहिले. त्या घरात आजवर कोणी कुणाचे आभार मानले नव्हते. तापात रात्र रात्र उशाशी बसलेल्या ताईंचे भाऊंनी मानले नव्हते; पहिला पगार हातावर ठेवणाऱ्या भाऊंचे ताईंनी मानले नव्हते. त्यांना वाटलं, धावत वर जावं, ओला टॉवेल गादीवर फेकावा आणि ताईंच्या समोर उभं राहावं.

खरोखर गेलेही. टॉवेल टाकला आणि दारात थांबले. ताई आल्या, टॉवेल उचलला आणि काही न बोलता गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. ताई बाहेरच्या माणसाला कधी गाढव म्हणत नसत.