आत्याच्या बोक्याविषयी चार खोटी कार्डं

खोटं मी पुष्कळ बोललो आहे. शाळेत बोललो, पेढीवर बोललो, स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत तर दोन्ही बाजूंनी बोललो. पण ते सगळं तोंडी. बोललो आणि विरून गेलं. शाईनं, पोस्टकार्डावर, खाली सही ठोकून खोटं मी एकाच माणसाला लिहिलं, आणि ते माणूस म्हणजे माझी आत्या. विषय होता तिचा बोका.

लढाईची वर्षं होती. मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर कारकून होतो आणि दोन खोल्यांत एकटा राहत होतो. आत्या साताऱ्याला राहायची, तीही एकटीच. नवरा लवकर गेलेला, मुलगी फलटणला दिलेली. माझी मॅट्रिकपर्यंतची सगळी वर्षं तिच्याच घरी गेली होती. म्हणजे माझ्या अंगावर जे काही मांस होतं ते तिच्या भाकरीचं. त्या साली फलटणच्या मुलीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. आत्याला जाणं भाग होतं, चार-पाच महिने तरी. पण जावयाला मांजराच्या केसानं दमा उठायचा. मग मला साताऱ्याला बोलावणं आलं.

"तुला जमेल का रे?" आत्यानं विचारलं.

"मांजराचं काय एवढं?" मी म्हणालो. "मी पेढीवर माणसं सांभाळतो."

"माणसं सांगतात तरी काय हवं ते," आत्या म्हणाली.

बोका पांढरा, पाठीवर एक काळा डाग, डोकं नारळाएवढं. आत्या जेवायला बसली की तो तिच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसायचा, आणि ती त्याच्याशी वरणात मीठ कमी पडल्याचं वगैरे बोलायची. तिनं मला सांगितलं की हा न्हाणीच्या चुलीमागं राखेतच जातो, दुसरीकडं कुठं जात नाही. त्याची झोपायची वाकळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ही धुऊ नकोस."

"का गं? वास मारतोय हिला."

"नकोस म्हटलं ना."

वाटेत खायला म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून दिली. हा धडपा लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

मांजर नेताना पोत्यात घालावं आणि पोतं गरगर फिरवावं, म्हणजे त्याला परतीची वाट सापडत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. मी शास्त्र अर्धवट पाळणारा नव्हे. साताऱ्याला मोटारीत चढताना फिरवलं. कऱ्हाडला गाडी बदलली तेव्हा फिरवलं. पेट्रोलचा दुष्काळ म्हणून मोटारी कोळशावर चालत, त्यामुळं चढावर आम्ही सगळे खाली उतरायचो. त्या प्रत्येक चढावर फिरवलं. बोका आधी ओरडत होता. नंतर गप्प झाला. मी शेजारच्या उतारूला म्हणालो, "बघा, रुळला."

घरी आल्यावर तो खाटेखाली जो शिरला तो दोन दिवस बाहेर आला नाही. मी सवड साधून ती वाकळ सोड्यात उकळली, दगडावर आपटली, उन्हात वाळवली. बर्फासारखी स्वच्छ झाली. खाटेखाली सरकवली, तर बोक्यानं हुंगली आणि तो आणखी मागं, भिंतीला चिकटला. मला वाटलं, खेडवळ जनावर, स्वच्छतेची सवय नाही.

शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मांजरीण पिलांना सात घरं दाखवते, मग ती एका घरची होतात."

त्या बोलता बोलता बोलल्या. मी मात्र मनावर घेतलं. आईविना पोर, तेव्हा ही सात घरं आपणच दाखवली पाहिजेत. रविवारी सकाळी बोक्याला पुन्हा पोत्यात घातलं आणि आळीत निघालो. पहिल्या घरी लहान मुलांनी शेपटी ओढली. दुसऱ्या घरी कुत्रं होतं, हे मला पोतं उघडल्यावर कळलं. चौथ्या घरी तबल्याची शिकवणी चालू होती. सातव्या घरी पोहोचलो तेव्हा माझा खांदा ओला झाला होता आणि आळीतली माणसं हसत होती. मीही हसत होतो. त्या सगळ्यात न हसणारा जीव एकच होता.

त्या संध्याकाळी आत्याला पहिलं कार्ड टाकलं: "बोका रुळला. आळीत सगळ्यांशी ओळखी झाल्या."

मग सुरू झालं, ते तीन-चार महिने चाललं. मी राखेचं घमेलं ठेवलं होतं, ते सोडून तो सगळीकडं करू लागला. गादीवर, कोपऱ्यात, ताटाच्या फळीखाली. एकदा खुंटीवरून पडलेल्या माझ्या कोटावर. तो कोट घालून मी पेढीवर गेलो. हळदीच्या त्या भपकाऱ्यात कुणाला काय कळणार, अशी माझी समजूत. तासाभरानं मुनीमजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "हळद भिजली वाटतं कुठली." माल पाहायला दोन हमाल पळाले. मी वहीत डोकं घालून बसलो. दुसऱ्या कार्डावर लिहिलं: "माझ्या कपड्यांवर त्याचा फार जीव."

इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं सांगताना आजही मान खाली जाते.

मी त्याचं नाक त्या ओल्यात घासलं. न्हाणीत कोंडून ठेवलं. आणि मग, पेढीवरून घरी येताना, मला एक मोठा विचार सुचला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी त्याचं पाणी बंद केलं. सकाळी वाटीभर दूध, ते संपलं की वाटी पालथी. संध्याकाळी नुसती कोरडी भाकरी. आणि काय सांगू, गुण आला. गादी कोरडी राहिली. मी खूश. तिसरं कार्ड: "त्याला चांगली शिस्त लागली आहे."

चार-पाच दिवसांनी बघतो, तर बोका घमेल्यात बसलेला. उठेना. पाठ कमानीसारखी, डोळे बारीक, आणि घशातून एक बारीकसा आवाज, दार कुरकुरतं तसा. बराच वेळ बसून उठला, दोन पावलं गेला, पुन्हा बसला. राखेत दोन थेंब होते, विटकरी रंगाचे. मला वाटलं पोट साफ होत नाही. मी त्याला एरंडेल पाजायला गेलो. त्यानं माझा अंगठा फोडला, ते बरंच झालं.

त्याच दिवशी, गुरुवारी, फलटणहून कार्ड आलं, मुलीच्या अक्षरात. नातवाला सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. पुढं आत्याचा मजकूर होता: "येत्या सोमवारी मी आधी सांगलीला येते. वाट वाकडी पडेल, पण बोक्याला घेऊनच घरी जाईन. इथं जेवताना गुडघा रिकामा लागतो."

मी तसाच कोरं कार्ड घेऊन बसलो आणि लिहिलं: "तब्येत ठणठणीत आहे. तू घाई करू नकोस." हे चौथं. पहिल्या तिन्हींत सत्याचा निदान लेप तरी होता. ह्यात तोही नव्हता.

कार्ड टाकून गुरांच्या दवाखान्यात धावलो. डॉक्टर लाळ्या खुरकताच्या साथीसाठी गावोगाव गेलेले, आठवडाभर येणार नव्हते. कंपाउंडरनं विचारलं, "बैल का म्हैस?" मी म्हणालो, "बोका." त्यानं नोंदीसाठी उचललेला टाक पुन्हा ठेवला.

आमच्या पेढीच्या पेवांवर, म्हणजे हळदीच्या जमिनीतल्या कोठारांवर, एक राखणदार होता, पाटणकडचा. फौजेत खेचरांच्या पलटणीत होता आणि पाय अधू होऊन परत आलेला. बोलायचा कमी. शनिवारी दुपारी त्याला मी घरी आणलं. त्यानं खाटेखाली हात घातला, बोक्याचं पोट चाचपलं आणि म्हणाला, "लय तटलंय. थेंब येतोय न्हवं? येतोय तवर आशा हाय. थांबला, तर माझ्या हातात काय न्हाई." मग माझ्याकडं न बघता, "पाणी कुठं ठेवलंय ह्याचं?"

मी कोपऱ्यातल्या पालथ्या वाटीकडं पाहिलं.

"आवं कारकूनसाहेब, पाणी."

"बंद केलंय."

"कवापासनं?"

सांगितलं. तो "बरं" म्हणाला. "आनि त्याआदी?"

मग एकेक करून सगळं सांगावं लागलं. कोंडलं ते सांगितलं, नाक घासलं ते सांगितलं. सात घरं सांगितली. प्रत्येक वेळी तो फक्त "बरं. आनि त्याआदी?" म्हणायचा. एकदा रागावला असता तर बरं झालं असतं. मी उलटा उलटा सरकत साताऱ्याच्या मोटारीपर्यंत आलो, पोत्याच्या गिरक्यांपर्यंत आलो, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"ते भ्यालंय," तो म्हणाला. "भ्यालेल्या जनावराचं पैलं मूत बिघडतं. नवं खेचर आलं की आमी चार दिवस त्येच्याकडं बघतसुदिक न्हवतो. कामाचं नावच न्हाई. त्येच्या जुन्या माणसाचं घोंगडं म्होरं टाकायचं आनि गप बसायचं. ह्येच्या घरचं कायतरी आना."

मी ती उकळलेली वाकळ पुढं केली. त्यानं नाकाशी नेली आणि माझ्या मांडीवर परत ठेवली. "हितं सोडा हाय. म्हातारी कुठाय?"

धुऊ नकोस का म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं. घरभर शोधलं. सगळं मी धुतलेलं. माझ्या स्वच्छतेनं त्या घरातून आत्या पार पुसून टाकली होती. शेवटी ट्रंकेमागं मळक्या कपड्यांत हात गेला आणि तो धडपा निघाला, दशम्यांचा. आल्या दिवशी आळसानं भिरकावलेला. चटणीचे डाग तसेच, आणि आत धुराचा, ओव्याचा, आत्याच्या हातांचा वास.

राखणदारानं तो खाटेखाली नुसता सरकवला. शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं, घमेल्यात नवी राख टाकली. कोमट पाण्यात फडकं पिळून त्याच्या पोटाला शेक दिला, आणि दार ओढून आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो.

"आता काय करायचं?"

"कायबी न्हाई. ह्ये तुमास्नी जमंल का बगा."

ती दुपार आणि ती संध्याकाळ फार लांब होती. अधूनमधून तो आत जाऊन शेक द्यायचा, मी पायरीवर बसून असायचो. काकू येऊन गेल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "मांजर गेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं हो." मला काशीची काळजी नव्हती. सोमवारच्या मोटारीची होती.

रविवारी उजाडताना मी फटीतून पाहिलं. बोका धडप्यावर पसरला होता, तोंड त्यात खुपसून. भांड्यातलं पाणी दोन बोटं खाली गेलेलं. न्याहारीच्या सुमाराला तो उठला, घमेल्यात गेला, बसला. मी फटीला कान लावला. आणि आवाज आला, लांबलचक, राखेत पडणाऱ्या धारेचा. सांगलीत मी मोठमोठ्या गवयांच्या बैठका ऐकल्या आहेत. राखणदार म्हणाला, "झालं," आणि बिडी पेटवायला उठला.

सोमवारी आत्या आली. हातात झाकणाची एक पाटी होती, आत मऊ फडकं घातलेलं. पाय धुऊन ती खाटेपाशी बसली. बोका बाहेर आला, तिचा हात हुंगला, तिच्या गुडघ्याला डोकं लावलं आणि परत खाटेखाली जाऊन धडप्यावर बसला. आत्यानं वाकून पाहिलं. तिला बरगड्या दिसल्या, पाठीचे उठलेले केस दिसले, स्वतःच्या लुगड्याचा तुकडा दिसला. माझ्या अंगठ्याची पट्टीही तिनं पाहिली.

तिनं कमरेच्या पिशवीतून चार कार्डं काढली. तिला वाचता येत नव्हतं.

"लेक घाईघाईत वाचते," ती म्हणाली. "तू वाच बघू. नीट, सावकाश."

मी वाचली. आळीत सगळ्यांशी ओळखी झाल्या. माझ्या कपड्यांवर त्याचा फार जीव. चांगली शिस्त लागली आहे. चौथ्यापाशी थांबलो.

"वाच की."

"तब्येत ठणठणीत आहे," मी वाचलं.

तिनं कार्डं परत घेतली, कडा जुळवल्या, पिशवीत ठेवली. मग मी सगळं सांगितलं, ह्या वेळी पोत्यापासून सुरुवात करून, सरळ क्रमानं. तिनं मला एकही शिवी दिली नाही. दोन दिवस राहिली. जेवताना बोका बाहेर यायचा, तिच्या डाव्या गुडघ्याशी बसायचा, आणि जेवण झालं की खाटेखाली जायचा. बुधवारी तिनं पाटी उचलली, तेव्हा मी बोक्याला आणायला वाकलो.

"राहू दे," आत्या म्हणाली. "आत्ता कुठं त्याला घर सापडलंय. पुन्हा मोटारीत घालून फिरवायचं, आणि त्यातून जगला तर माझा म्हणायचा?"

"पण आत्या, तुझा गुडघा..."

"दुखतोच तो. नाही तरी."

मी तिला मोटारीत बसवून दिलं. मांडीवर ती पाटी, रिकामी, झाकण लावलेली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, टपावर टाकू का? आत काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पाटी धरून बसली. मोटार हलताना माझ्याकडं वळून म्हणाली, "दर आठ दिवसांनी कार्ड टाक. आमच्या आळीतले मास्तर वाचून दाखवतील. खरं लिही, चारचौघांत वाचायचंय."

ते पहिलं खरं कार्ड लिहायला मला अख्खा रविवार लागला. शेवटी हे लिहिलं: "ती. आत्यास साष्टांग नमस्कार. बोक्यानं आज तीनदा लघवी केली. दोनदा राखेत, एकदा माझ्या कोटावर. पाणी पितो. कोट धुतलेला नाही."