बाईंची अर्धी शर्यत

आमच्या बाई पेपर उभ्यानं तपासायच्या. नुसत्या उभ्यानं नव्हे, चवड्यांवर. शिक्षक खोलीच्या खिडकीत पेपरांचा गठ्ठा, हातात लाल पेन, आणि टाचा वर-खाली, वर-खाली. नव्यानं लागलेल्या शिपाईमामांना वाटलं, बाईंना खिडकीबाहेर काहीतरी बघायचंय आणि उंची पुरत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी स्टूल आणून दिलं. बाईंनी आभार मानले आणि त्या स्टुलावर दुसरा गठ्ठा ठेवला.

"बाई, बसा की," मी म्हणायचो.

"बसून काय हुतंय सर? पोटऱ्या तयार व्हायला पायजेत."

बाई भूगोल शिकवायच्या, मी मराठी. घरंही कसबा बावड्यात एकाच गल्लीत, त्यामुळं शाळेत सुटलेलं गल्लीत सापडायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडं नुसतं बघितलं तरी आपल्याला आपल्या पोटाची आठवण होते. माझ्या पोटाची आठवण मला बाईंनी रोज करून दिली.

पंचेचाळिशी उलटल्यावर बाईंना हे वेड लागलं. आधी पोहायचं, अंगावरचं पाणी निथळायच्या आत सायकलवर बसायचं, आणि सायकलवरनं उतरलं की पळत सुटायचं. ह्यातली अर्धी शर्यत म्हणजे दोनेक किलोमीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि त्यावर एकवीस किलोमीटर पळणं. पुरी शर्यत म्हणजे हे सगळं दुप्पट, तेही एकाच दिवसात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "बाई, कुणी मागं लागलंय काय तुमच्या?"

"न्हाय हो सर. अर्धं जमलं की पुरं जमतंय."

हे त्यांचं पेटंट वाक्य. पेपरांचा गठ्ठा असो, नववीचा पोर्शन असो, नाहीतर स्नेहसंमेलनाची तयारी. अर्धं झालं की त्या तोंडावरनं हात फिरवायच्या आणि हे वाक्य टाकायच्या. आम्ही त्यांची नक्कल करायचो, आणि त्या आमच्यापेक्षा मोठ्यानं हसायच्या.

पोहणं त्यांना लहानपणापासून येत होतं. माहेर राधानगरीकडचं. वडिलांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. "डबा सुटला तवा कळालं, मी पवतोय म्हणून," असं सांगायच्या. सायकल मात्र नव्यानं घेतली. ती देवघराशेजारी उभी असायची. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची, आणि हळदकुंकू वाहायच्या त्या बाईंच्या सासूबाई.

आता ह्या सासूबाईंबद्दल सांगितलंच पाहिजे. बाई त्यांना आत्ती म्हणायच्या, गल्ली आज्जी म्हणायची. घरात ह्या दोघीच. बाईंचे यजमान एक दिवस सकाळी कारखान्यावर कामाला म्हणून बाहेर पडले आणि वाटेतच छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून आज्जींचं एकच. घरातनं बाहेर गेलेलं माणूस परत दारात दिसेपर्यंत त्या उंबऱ्यावरनं उठायच्या नाहीत. बाईंना तलावावरनं यायला जरा उशीर झाला, की आज्जी माझ्या बायकोला हाक मारायच्या, "आली न्हाय गं अजून." काळजी अशी, आणि तोंड तसं. बाईंचे पोहण्याचे कपडे दोरीवर वाळत पडले की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "ह्या बेडकाच्या कातड्यात शिरतीस तरी कशी गं?"

बाईंना पुरी शर्यत करायची होती. ती कुठं लांब, समुद्रकाठच्या गावाला. चार-सहा दिवस घर सोडून जायचं, आज्जींना ठेवून. बाईंनी विषय काढला त्या संध्याकाळी मी तिथं चहाला होतो. आज्जी म्हणाल्या, "माझा ल्योक नुस्ता कामावर गेलता, तर आला न्हाय. तू तर समुद्रात चाललीयास." बाईंनी कप खाली ठेवला. शेवटी आज्जींनीच वाट काढली. "आदी हितं, माज्या डोळ्यांदेखत अर्धं करून दाखीव. धड घरला आलीस तर जा पुऱ्याला. न्हाय झालं, तर ह्यो नाद सोडायचा."

"सोडतो," बाई म्हणाल्या. बाई शब्दाच्या पक्क्या. सोडतो म्हणजे सोडणार, हे मला ठाऊक होतं.

अर्धी शर्यत कोल्हापुरातच होती. पळण्याचा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरनं जात होता. आदल्या दिवशी बाईंनी सगळ्या गल्लीला गोळा करून वर्गात सांगतात तसं सांगितलं, "टाळ्या वाजवा, वरडा, नावानं हाका मारा. पण कुणी काही देऊ नका. पाणी सुदिक न्हाय. आपल्या माणसानं दिलं आन् घेतलं की बाद. पाण्याची सोय त्यांची असतीया."

"पाणी सुदिक न्हाय?" आज्जी म्हणाल्या. "असली कसली शर्यत म्हणायची ही?"

दुसऱ्या दिवशी आज्जींसाठी आम्ही गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकली. मी शेजारी उभा. बाईंचं पोहून झालं, सायकल झाली, हे फोनवर कळत होतं. मी सांगायचो आणि आज्जी मान हलवायच्या. ऊन चांगलंच चढलं होतं. मग बाई दिसल्या. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे, पाय ओढत चाललेले. रोज शाळेत बघितलेलं माणूस मला क्षणभर ओळखू आलं नाही.

आज्जी उठल्या. त्यांनी पदराआडनं तांब्या काढला आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडली. मुठीत गुळाचा खडा. आता तुम्हाला सांगायला नको, आमच्याकडं उन्हातनं आलेल्या माणसाच्या हातावर आधी गूळ पडतो, मग पाणी, मग 'कोण, कुठलं' हे विचारायचं. आज्जींच्या दारात आयुष्यभर वाटसरूपासून पोस्टमनपर्यंत कुणी गूळपाण्याशिवाय पुढं गेलेलं नव्हतं. आणि ही तर सून.

"आज्जी, नको!" मी ओरडलो.

"कोण बगतंय?" आज्जी म्हणाल्या.

बघत होता. रस्त्याच्या पलीकडं, लांब लिंबाच्या झाडाखाली, मोटरसायकलवर पंच होता. आज्जींना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. बाईंना दिसत होतं. त्यांनी पंचाकडं बघितलं, मग आज्जींच्या हाताकडं बघितलं. काठोकाठ भरलेल्या तांब्यातलं पाणी रस्त्यावर सांडत होतं.

बाई थांबल्या. गूळ घेतला, तोंडात टाकला, वरनं पाणी प्यायल्या. तांब्या परत दिला, वाकून आज्जींच्या पायाला हात लावला आणि पळायला लागल्या.

पंच मोटरसायकल घेऊन त्यांच्याशेजारी गेला. काय बोलणं झालं ते मला शाळेत कळलं. बाई त्याला म्हणाल्या होत्या, "बाद धरा मला, पण शेवटपर्यंत पळू द्या. घरात बोली झालीया." तो भला माणूस होता, त्यानं पळू दिलं. बाईंनी रेष ओलांडली. यादीत नाव नाही, गळ्यात पदक नाही. संध्याकाळी त्या सायकल ढकलत दारात आल्या तेव्हा आज्जी उंबऱ्यावरच होत्या.

"पुरं केलंस न्हवं अर्धं?"

"केलं, आत्ती."

"मग जा पुऱ्याला," आज्जी म्हणाल्या आणि तोंडात पदर धरून आत गेल्या.

मला बाईंनी बजावलं, "सर, आत्तीला कळता कामा नये. तिला वाटंल, तिनं माझं वाटोळं केलं." मला बाईंबद्दल त्या दिवशी जे वाटलं ते आदर वगैरे शब्दांत बसत नाही. मला त्या माझ्या घरच्या वाटल्या, एवढंच.

पुढच्या वर्षी बाई पुऱ्या शर्यतीला गेल्या. त्यांनी ती पूर्ण केली, वेळेच्या आत, नावासकट, पदकासकट. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला सांगायचंय ते इथलं, घरातलं आहे.

त्या दिवशी मी आज्जींजवळ बसलो होतो. देवघराशेजारची सायकलची जागा रिकामी होती. बाईंच्या घोट्याला एक पट्टी बांधलेली असते, त्यामुळं त्या कुठं आहेत ते फोनवरच्या नकाशात ठिपक्यानं दिसतं. पोहणं झालं, सायकल झाली. पळण्यातलं निम्मं झालं आणि ठिपका थांबला. बराच वेळ हलेना.

"का थांबलीया?" आज्जींनी विचारलं.

"पायात गोळे आले असतील. न्हायतर पाणी पीत असतील."

"पाणी त्यांचंच असतंय न्हवं तितं? आपलं कोण न्हाय न्हवं?"

मी फोनवरनं मान वर केली.

"मला म्हाईत हाय सर," आज्जी म्हणाल्या. "गल्लीत काय ऱ्हातंय व्हय झाकून? माज्यापायी बाद झाली, आन् मला कळू दिलं न्हाय तिनं. वरीसभर मी बी तिला कळू दिलं न्हाय, मला कळालंय म्हणून."

त्यांनी फोन माझ्या हातातनं घेतला, मांडीवर ठेवला आणि डोळे बारीक करून ठिपका शोधला. मग सुरकुतलेलं बोट त्यावर टेकवून हळूच पुढं ढकललं. बोटाबरोबर ठिपका सरकला.

"आज्जी, त्यो नकाशा सरकतोय. बाई न्हाईत."

"म्हाईत हाय. तुमी गप बसा," आज्जी म्हणाल्या, आणि पुन्हा ढकलायला लागल्या.