ब्रेकचं पत्र

बंगलोरचं जयनगर तेव्हा नवंनवं वसत होतं आणि आमचं गॅरेज त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली होतं. आमचं म्हणजे माझं आणि अण्णांचं. मी निपाणीकडचा, कारखान्याच्या कचेरीतली नोकरी साहेबाशी भांडून सोडलेला. अण्णा मिस्त्री बंगलोरच्या जुन्या मराठी घरातले, निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणारे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मला ते तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. गाडीला हात लावायचा तो त्यांनी. कागदपत्रं आणि गिऱ्हाइकांशी वाद माझ्याकडे. वाद घालायला मला मनापासून आवडायचं, त्यामुळे दिवस मजेत चालले होते.

गाड्यांच्या निगेबद्दल माझी मतं ठाम होती आणि कुणी विचारलं नाही तरी मी ती सांगायचो. रेडिएटरमधलं पाणी मालकाने रोज सकाळी स्वतः बघावं. काढलेला जुना भाग गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावा, आणि तसा कायदाच करावा. कायद्याचं मला वावडं नव्हतं. पण त्या वर्षी वाहतूक खात्याने जो नियम करायचं मनात आणलं, त्याने माझं डोकं फिरलं. टॅक्सीचे ब्रेक ठीक आहेत असं वर्षातून एकदा पत्र लागायचं. ते पत्र यापुढे फक्त गाडीच्या कंपनीने नेमलेल्या वर्कशॉपने द्यायचं, असं ठरत होतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या टॅक्सीच होत्या. पत्र गेलं की टॅक्सी जाणार, आणि टॅक्सी गेली की गॅरेजला कुलूप लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी खात्याला लांबलचक अर्ज लिहिला. बोर्ड बघू नका, काम बघा, असं त्यात चारदा तरी लिहिलं असेल. वर शहाणपणा असा केला की खात्याच्या साहेबांना काम बघायला आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशीच बोलावलं. वर्षातून त्या एकाच दिवशी आमचं गॅरेज स्वच्छ असायचं. साहेब यायला तयार झाले, तेव्हा मी घरी जाऊन बायकोला केसरी भात करायला सांगितलं.

आदल्या दिवशी मी स्वतः साफसफाईला बसलो. पाने, पकडी, हातोडे, जे लोखंड दिसेल ते तेलाच्या फडक्याने पुसून चकचकीत केलं. एका टॅक्सीच्या पुढच्या उजव्या चाकाचं काम चालू होतं. तिचा ब्रेकचा ड्रम तिथेच पडला होता. तोही मी आतून-बाहेरून पुसला. संध्याकाळी अण्णांनी तो बसवला.

पूजा झाली. हत्यारं देवीपुढे मांडली, हळदकुंकू वाहिलं. त्यांना आता दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा अण्णांचा कडक नेम. रस्त्यावर शेजारच्या लॉरीवाल्यांनी लॉरीची दृष्ट काढायला कोहळे फोडले होते. साहेब आले, केसरी भात खाल्ला, छान म्हणाले, आणि दारातल्या त्याच टॅक्सीकडे बोट दाखवून म्हणाले की हिचे ब्रेक बघू.

टॅक्सीवाल्याने गाडी जोरात आणून ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या आधी डावीकडे अशी खेचली गेली की साहेब दोन पावलं मागे सरले. मी लगेच तोंड उघडलं. रस्त्यावर कोहळ्याचा चिखल झालाय, त्यावर कुठलीही गाडी घसरेल, कंपनीच्या वर्कशॉपची सुद्धा घसरेल, वगैरे. साहेबांना ते पटलं असतं असं मला आजही वाटतं.

अण्णा आत गेले. देवीपुढे हात जोडले, कुंकू लागलेला पाना उचलला आणि जॅक लावून चाक काढायला बसले. मी कानाशी लागून म्हटलं की पूजेचा पाना आहे, राहू द्या, उद्या बघू. ते नट सोडवत राहिले. ड्रम निघाला. अण्णांनी त्यात बोट फिरवून साहेबांपुढे धरलं. बोट तेलाने माखलं होतं.

ड्रमला आतून तेल लागलं की त्या चाकाचा ब्रेक धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. तेल कुणी लावलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. चूक माझी, असं मी एकदाचं बोलून गेलो.

"पुसलं तम्मानं, सार," अण्णा म्हणाले. "पण आत न बघता बसवलं मी. माझं पण नाव लिहा."

साहेबांनी दोन्ही नावं लिहून घेतली आणि ते निघून गेले. मी तेव्हाच गॅरेजला मनातल्या मनात कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ब्रेकचे तेल लागलेले लायनर बदलले. आठवड्याने साहेब परत आले, स्वतः ती टॅक्सी चालवली. ती सरळ रेषेत थांबली. पुढे नियम आला त्यात आमच्यासारख्या गॅरेजांनाही पत्र द्यायची मुभा होती. अट एकच होती. काम करणारा मिस्त्री आणि मालक, दोघांच्या सह्या हव्यात. मला इतका आनंद झाला की मी साऱ्या गल्लीला कॉफी पाजली.

पहिलं पत्र मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, टेबलावर बसून सही ठोकली आणि अण्णांपुढे सरकवलं. त्यांनी हात पुसले, माझ्या सहीकडे बघितलं, पण पेन घेतलं नाही.

"तम्मा, ड्रम बघितला काय तुम्ही?"

मी म्हटलं, तुम्ही बघितलात ना.

"मी बघितलं म्हणून मी सही करतो. तुम्ही कशावर केली?"

टॅक्सीवाला गालात हसत होता. मी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, टॅक्सीजवळ उकिडवा बसलो आणि चाक काढायला पाना कसा धरायचा ते अण्णांना विचारलं.