काकांचा चौथा धडा

इंग्रजी शब्दांच्या आठ जाती शिकायला सहा वर्षं घेणारा माणूस अख्ख्या निजामाच्या मुलखात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. हे माझ्या मावशीचे यजमान. पेडगावला शेती, मूलबाळ नाही. मावशी गेली त्या वर्षी त्यांना एकाएकी इंग्रजी व्याकरणाचं वेड लागलं. मी परभणीच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर, तेव्हा दर बाजारच्या दिवशी काका पाटी घेऊन माझ्या दारात हजर.

शिकलेलं ते गावभर वाटत सुटत. शेळ्या वळणाऱ्या एका बाईला वाटेत थांबवून त्यांनी सांगितलं, "तुजी शेळी नाऊन हाय." ती म्हणाली, "आसंना का मालक, दूध तर देती." 'बैल नाऊन, पांढरा अ‍ॅडजेक्टिव्ह' असं म्हटल्याशिवाय ते बैल औताला जुंपत नसत. गाडी अडे ती चौथ्या धड्यावर. व्हर्ब आलं की काका गो, ईट, कम सगळी बिनदिक्कत नामांत ढकलत. मी समजावून थकून जाई. ते मान डोलावत, चहाचा दुसरा पेला घेत आणि पुढच्या बाजारी तीच चूक घेऊन येत.

एकदा तपासायच्या वह्यांनी मी वैतागलो होतो. बोलून गेलो, "काका, हे तुमच्यानं व्हायचं नाही. सोडून द्या."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली. "बरं मास्तर," म्हणाले. एरवी ते मला नावानं हाक मारत.

तीन बाजार ते आले नाहीत. शेवटी मला राहवेना, मी पेडगावला गेलो. दार उघडं, काका शेतात. ओसरीच्या भिंतीवर खडूनं इंग्रजी वाक्यं लिहिलेली आणि प्रत्येक शब्दाखाली त्याची जात. आठही होत्या. मी मास्तरी नजरेनं दोनदा तपासलं, एक चूक सापडली नाही.

काका आले आणि मला भिंतीपुढे पाहून ओशाळले.

"हे कधीपासून येतंय तुम्हाला?"

"पयल्याच साली आलं रे. पर समदं यायलंय म्हणलं, तर तुज्याकडं कशापायी यायचं?"

मला माझीच फार लाज वाटली. कोपऱ्यातली पाटी उचलून मी त्यांच्या हातात दिली. "येत्या बाजारी या. चौथा धडा राहिलाय."

ते आले. शेवटपर्यंत येत राहिले. दर खेपेला गो नामांत ढकलत, आणि मी दर खेपेला तितक्याच रागानं दुरुस्त करी. आता ते नाहीत. बाजारचा दिवस आला की मी अजून दुपारपर्यंत घर सोडत नाही.